डब्यातली थंडाई

माझ्या चुलत सासऱ्यांचा या जगात फक्त स्वतःच्या मांड्यांवर भरवसा होता, आणि गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यातल्या उजवीने त्यांना दगा दिला. जुने पैलवान. आम्ही त्यांना आबा म्हणतो. सांगलीच्या बाजारात लोक त्यांना बघून वाट सोडायचे. काठी आल्यावर तेच लोक हात द्यायला पुढे येऊ लागले, आणि याचा आबांना फार राग. खरी अडचण रहिमतपूरला होती. तिथे त्यांचा तालमीतला जोडीदार अंथरुणाला खिळला होता आणि ‘एकदा येऊन जा’ म्हणून निरोपावर निरोप पाठवत होता. आबा काठी टेकत त्याच्यापुढे जायला तयार नव्हते. म्हणायचे, “त्यानं मला लंगोटावर बघितलंय. काठीवर कशापायी बघंल?”

व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी सांगितलं, मांडी भरून यायची तर व्यायामाच्या जोडीला प्रोटीनची पावडर दुधातून घ्या. आबा पावडर निवडायला निघाले. गाडी माझी असल्यामुळे मीही निघालो. बाजारात बैल पारखावा तसे ते दुकानदार पारखत. पहिल्याला विचारलं, “तुमी सोता कंची घेता?” तो म्हणाला, मी घेत नाही, मला ॲसिडिटी आहे. आबा उठले. दुसऱ्याचे दंड भक्कम होते, पण त्याला काउंटरबाहेर बोलावून, पँट वर करायला लावून पोटऱ्या बघितल्या आणि नापास केला. तिसऱ्याने कुकीजचा स्वाद दाखवला. “म्हंजी बिस्किटंच की. मांडीला बिस्किटं काय करायची?” शेवटी डॉक्टरांनीच त्यांचे रिपोर्ट पाहून चॉकलेटचा एक डबा ठरवून दिला. आबांनी तो मुकाट्याने घेतला, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

त्यांच्या घरी रोज सकाळी दूध-पावडर घुसळायचा शेकर हलवल्याचा आवाज यायचा, डबा रिकामा होत होता, मांडी मात्र होती तशीच. अंगणातली जास्वंद तेवढी भलतीच तरारली होती. एका रविवारी मी लवकर गेलो, तर आबा सगळं पेय शांतपणे तिच्या बुडाशी ओतत होते. पकडले गेल्यावरही चेहरा ढळला नाही. “जावईबापू, आपल्याच हातानं घोटल्याली थंडाई अंगाला लागत न्हाई. तालमीत रहिमतपूरचा त्यो माझी घोटायचा, मी त्येची.” मग टाकायला तरी कशाला हलवता, असं विचारलं. म्हणाले, “घरात आवाज नगं व्हय?”

तेव्हापासून कचेरीत जाण्याआधी मी त्यांच्याकडे शेकर हलवायला जाऊ लागलो. ते समोर उभे राहून तपासत. “मनगट ढिलं सोडा. सही न्हाई करायची.” पण पीत. व्यायामही करत. हळूहळू मांडीला आकार आला आणि एक दिवस काठी कोपऱ्यात उभी करून ते म्हणाले, “गाडी काढा.”

रहिमतपूरला अंगणातून खाटेपर्यंत आबा काठीविना चालत गेले, जरा लंगडत, पण छाती काढून. जोडीदाराने आधी त्यांची पावलं नीट निरखली. मग म्हणाला, “पाय टाकतुयास की रं गड्या.” आबांनी पिशवीतून शेकर काढला, दूध-पावडर घातली आणि हलवायला त्याच्या हातात दिला. त्या हातांना कायमचं कापरं भरलेलं होतं. “ब्येस झालं,” तो म्हणाला, “मला येगळं हलवाय नगं.” तो हसला, आबा हसले, मला मात्र हसू येईना. आबांनी त्याच्या हातचा शेकर परत घेऊन एका दमात अर्धं संपवलं, मग झाकण घट्ट लावून उरलेलं स्वतः हलवलं आणि त्याची मान हातावर तोलून त्याला घोटघोट पाजलं.

जोडीदार पुढे फार दिवस राहिला नाही. मी अजून रोज सकाळी शेकर हलवतो, आबा अजून पितात. मनगटाबद्दल मात्र आता काही बोलत नाहीत. त्यांनी बोलावं असं मला फार वाटतं.