साडूची वकिलात

अमेरिकेचं सगळं परराष्ट्र धोरण बोरीवलीतल्या माझ्या साडूच्या दोन खोल्यांतून चालत असे. निदान त्याचा तसा समज होता, आणि माझ्या बायकोची तर खात्रीच होती. तो अमेरिकन वकिलातीत कारकून, साहेबांच्या दौऱ्यांची व्यवस्था बघणारा. पण साहेबांत राहून याची जीभच मुत्सद्द्याची झाली होती. नळावर दोन बायकांची जुंपली की हा मध्ये उभा राहून म्हणे, "दोन्ही बाजूंच्या भावना समजण्यासारख्या आहेत." सासूबाईंनी एकदा भर पंगतीत त्याला झाडला. मला कोण आनंद! तर हात धुताना हा मला सांगतो, "बोलणी खेळीमेळीत झाली." साहेबाने दिलेल्या कॉफीचा रिकामा डबा त्याच्याकडे दर्शनी फळीवर असे. तो पाहून आली की आमची ही मुलुंडला पोहोचेपर्यंत माझ्याशी बोलत नसे. मी जळायचो, अगदी मनापासून जळायचो.

गणपतीला तो दरवर्षी साहेबाला बोलावी. साहेब 'नक्की' म्हणे, येत मात्र नसे, आणि मग त्याची बदली होई. तेवढंच मला समाधान. पण एका वर्षी लाल नाकाचा एक उंच साहेब खरंच आला! बूट काढून, पाय कसेबसे दुमडून बसला, उकडीचे मोदक खाल्ले, आरतीत भलत्याच जागी टाळ्या वाजवल्या. सगळी चाळ दारात लोटली होती. साडूचा तो फुललेला चेहरा बघून मला मोदक गिळवेना.

त्याच हिवाळ्यात बांगलादेशाची लढाई पेटली, आणि अमेरिकेचं आरमार पाकिस्तानच्या मदतीला बंगालच्या उपसागराकडे निघाल्याची बातमी आली. चाळीने साडूला धरला. "काय रे, आपले मोदक खाऊन तुझ्या साहेबाने हे धंदे केले ना?"

"दोन्ही बाजूंच्या..." त्याने सुरुवात केली. पुढचं कुणी ऐकलंच नाही. तेव्हापासून चाळ त्याच्याशी बोलेनाशी झाली.

पुढच्या गणपतीला आम्ही आरतीच्या वेळेला पोहोचलो. चाळीतली मंडळी टाळ घेऊन घरोघरच्या गणपतीपुढे आरती म्हणत फिरत. शेजारच्या घरातली आरती संपली आणि मंडळी साडूच्या दारावरून सरळ पुढच्या घरी गेली. हा तबक घेऊन उभाच.

"साहेब येणारेत का रे?" मी विचारलं.

"नाही. येऊ का म्हणून विचारत होते. मीच म्हटलं, यंदा नका येऊ." मग हळूच म्हणाला, "मला वाटलं, ते नाही आले तर हे लोक येतील."

मेहुणीने निरांजन लावलं. आम्ही चौघांनीच आरती सुरू केली. पुढच्या घरापर्यंत ऐकू जावी म्हणून मी घसा फोडून म्हणत होतो. साडूचा आवाज येईना म्हणून पाहिलं, तर तो दाराकडे बघत होता. इतकी वर्षं ज्याच्यावर जळलो, त्याच्यावर त्या संध्याकाळी काही केल्या जळता येईना. मला अगदी चुकल्याचुकल्यासारखं झालं.