परसातला गोड मका

परवा सुनेनं गोड मका उकडला आणि त्या वासानं मला धुळ्याच्या आमच्या परसात नेलं. नव्वद-एक्याण्णव साल असेल. माझं पहिलं बाळ पोटातच गेलं होतं. मी खोलीबाहेर पडत नव्हते. रोज सकाळी सासूबाई, आमच्या अक्का, हाक मारायच्या, "तुरा हालाडाले ये वं, मना हात पोचस नही." अक्का माझ्याहून वीतभर उंच होत्या, हे तेव्हा मनातही आलं नाही. मी मक्याचे तुरे हलवायचे. पिवळी भुकटी कणसांच्या ओलसर केसांवर पडायची. त्यानंच दाणे भरतात. पाठीवर कोवळं ऊन असायचं.

एका सकाळी अक्कांनी कणीस सोललं. टोकापर्यंत सगळे दाणे भरले होते. "देख, बठ्ठं भरेल शे," म्हणत माझ्या हातात दिलं. मी तिथंच उभ्यानं ते कच्चंच खाल्लं. कितीतरी दिवसांनी मला भूक लागली होती.