गाडीच्या पोटाखालचं तेल

आमच्या मालवणात पावसाआधी गाडीच्या पोटाला जुनं, काळं इंजिन ऑइल फासतात. खारं वारं पत्रा खातं, त्यावरचा हा घरगुती उपाय. यंदा बाबांचा हात असा काही सैल सुटला की पावसाळा सरला तरी खाली सगळं चिकट. अंगणात डाग पडत होते. फासलेलं तेल गळतंय की आतलं, कळायला मार्ग नाही!

मुंबईच्या भावाने फोनवरच निकाल दिला, "गिअरबॉक्स गेलो असतलो. आता इकूनच टाकूया." बाबांचा चेहरा उतरला. याच गाडीने ते आईला कुडाळला डायलिसिसला नेतात. मला भावाचा राग आला. न बघताच विकायचा निकाल? आणि खरं सांगू, तेल नक्की येतंय कुठून, या विचाराने मला चैनच पडेना.

गाडी जॅकवर उचलली, ठोकळे लावले, सगळं पोट डिझेलने धुऊन सुकवलं आणि त्यावर पावडर उडवली. "अगो, माजी पावडर!" आई ओरडली. मग गाडी उतरवून तिची एक चक्कर मारून आले आणि वाकून पाहिलं. डाव्या चाकाचा दांडा गिअरबॉक्समध्ये शिरतो तिथून एकच ओली रेघ, बाकी सगळं पांढरं. सापडलं!

तिथे ऑइल सील असतं, बांगडीसारखं रबरी कडं. त्याचा पातळ ओठ दांड्याला चिकटून असतो. दांडा फिरला पाहिजे, तेल मात्र बाहेर येता कामा नये. एवढंसं रबर हे सांभाळतं कसं, याचं मला भारी नवल वाटलं. जुनं सील उचकटलं तर ओठ कडक, चिरलेला. नव्याच्या ओठाला तेल लावलं, स्प्रिंगची बाजू आत ठेवली आणि चहूबाजूंनी सारखं, हळूहळू ठोकत बसवलं. तिरकं बसलं तर मेहनत पाण्यात. पण दांडा काढण्याआधी गिअरबॉक्स रिकामा केला तेव्हा तेल निघालं होतं जेमतेम वाटीभर. असायला हवं दोनेक लिटर.

"गळता ता माका ठावक होता," बाबा खाली बघत म्हणाले. "म्हणान तर यंदा जास्त फासलंय. कळला तर तुमी गाडी इकतल्यात."

माझं डोकंच फिरलं. "आणि वाटेत जाम झाली असती तर, बाबानू? आयेक घेवन काय केला असतास?"

"आणि गाडी गेल्यार तिका कोण नेतलो गो?"

मी नवं तेल भरायला घेतलं. सोमवारी माझी पुण्याला परतायची बस होती.