फ्रेंच बचाव शिकणारा

त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. नव्वदच्या सुमारास तो गलोंड्याच्या सूत कारखान्यात कामाला होता, मूळचा धुळ्याकडचा. सुट्टीच्या दुपारी सिल्वासात माझ्या खोलीवर यायचा, कारण आमच्या चाळीत व्हीसीआर माझ्याकडेच. बुद्धिबळात काळ्या मोहऱ्यांनी फ्रेंच बचाव कसा खेळायचा, त्याची एक इंग्रजी कॅसेट त्याच्याकडे होती. फरशीवर पट मांडायचा, बटण दाबण्याआधी बोट पँटला पुसायचा आणि एकच डाव मागे नेऊन नेऊन बघायचा.

माझी बायको जाऊन सहा महिने झाले होते. दवाखान्यात न्यायला मीच उशीर केला, हे डोक्यातून हलत नव्हतं. एकदा मी वैतागलो. "लेका, मागे नेऊन काय बदलतं? मीही रोज तेच करतोय. हिला सकाळीच न्यायला पाहिजे होतं."

"सकाळी काय झालं होतं, बाबा?"

"म्हणाली, पित्त झालंय. मी लिंबाचं सरबत करून दिलं."

त्याने कॅसेट थांबवली. "मग समोर जी चाल दिसली, तिला तुम्ही बरोबर उत्तर दिलं. मला डावाचा शेवट माहीत आहे, म्हणून मी इथे बसून त्या काळ्यावाल्याला मूर्ख म्हणतो. खेळताना त्याला बिचाऱ्याला कुठे माहीत होता?"

मी मोरीत जाऊन पोटभर रडलो. तोंड धुऊन बाहेर आलो तेव्हा फार दिवसांनी श्वास पुरा आत गेला.

"खिचडी टाकतो," म्हटलं. "खाऊन जा."

"टाका. पण तिखट करा, मागच्या वेळचा तुमचा चहासुद्धा फिका होता."

हसत हसत मी दोघांचे तांदूळ धुतले.