उजेड हातावर धर

माझा सासरा नॉर्बर्ट वोयचिक याच्याकडे राग कायमचा मुक्कामाला होता. उत्तर विस्कॉन्सिनातल्या आमच्या गावात कागदाची गिरणी होती तेव्हा तो तिथल्या मोठ्या मशीनवर काम करायचा. मशीनवर चिडायचा, साहेबावर चिडायचा, बर्फावर चिडायचा, रविवारी फादरचं प्रवचन लांबलं की बाकावर बसल्या बसल्या गुरगुरायचा. मग गिरणी बंद पडली. पाठोपाठ सासूबाई गेल्या. चिडायला उरलो आम्ही दोघं, म्हणजे त्याची मुलगी मार्ला आणि तिचा नवरा, मी. आणि आमच्या गाड्या.

घराण्यातली एकही गाडी ऑइल बदलायला दुकानात जाता कामा नये, असा त्याचा नियम होता. दर काही महिन्यांनी शनिवारी सकाळी आठला गाडी त्याच्या गॅरेजसमोर हजर पाहिजे. पाच मिनिटं उशीर झाला की म्हातारा रस्त्यावर येऊन उभा. "काय रे चीजवाल्या, गाई पिळून आलास की काय?" मी चीजच्या कारखान्यात नोकरीला आहे. माझं नाव रसेल आहे, हे त्याला लग्नाच्या दिवशी माहीत होतं, नंतर तो विसरला.

गाडी दोन लोखंडी उतारांवर चढवायची, मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावायचे, आणि फ्रिजच्या खोक्याचा चपटा केलेला पुठ्ठा अंथरून तो खाली सरकायचा. मग खालून नुसता आवाज. पान्याचा, आणि त्याचा. काळं ऑइल पसरट भांड्यात पडायचं, जुना फिल्टर निघायचा, नव्या फिल्टरच्या रबरी रिंगेला तो बोटानं ताजं ऑइल चोपडायचा, आणि हातानंच पिळून बसवायचा. बसवण्याआधी फिल्टरच्या बुडावर पांढऱ्या पेननं तारीख लिहायचा. सातच्या पोटात आडवी रेघ मारायची त्याच्या पोलिश आजीची सवय होती, ती त्याच्या हातात उतरली होती.

आणि एक गोष्ट तो प्रत्येक वेळी सांगायचा, मंत्र म्हटल्यासारखी. जुना फिल्टर निघाला तरी त्याची रिंग कधी कधी इंजीनलाच चिकटून राहते. काळ्यावर काळी, दिसत नाही. तिच्यावरच नवा फिल्टर बसला की रिंगा झाल्या दोन. गॅरेजसमोर गाडी चालू करून बघा, थेंब गळणार नाही. पण हायवेवर जोर आला की रिंग सटकते, मिनिटाभरात सगळं ऑइल रस्त्यावर, आणि इंजीन खलास. "डोळ्यांचं काही ऐकू नका," तो खालून ओरडायचा. "डोळे खोटं बोलतात. बोट फिरवा!"

मार्ला लहानपणापासून उजेडासाठी बॅटरी धरायला असायची. सात-आठ वर्षांची पोर, थंडीत कुडकुडत गाडीखाली हात घालून बसलेली, आणि बाप खेकसतोय, "उजेड माझ्या हातावर धर! तोंडावर नको, हातावर!" ती रडायची आणि धरायची. मोठी झाली, लग्न झालं, तरी बॅटरी तिच्याकडेच. मला गाडीखाली डोकावायचीही परवानगी नव्हती. एकदा नाताळच्या घाईत मी माझी गाडी दुकानातून करून आणली, तर ईस्टरपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही. खरं सांगायचं तर ते दिवस बरे गेले.

पण हे शनिवार सोडले तर म्हाताऱ्याचं कुणाला काही काम उरलं नव्हतं. ते त्याला ठाऊक होतं आणि आम्हालाही. म्हणून आम्ही आठला हजर राहायचो आणि मुकाट शिव्या खायचो.

त्याला साखरेचा आजार होता. एका शुक्रवारी मासे खायला गेलो होतो तेव्हा त्यानं उकळत्या कॉफीचा कप दोन्ही हातांत धरला होता, कितीतरी वेळ. तळवे लालभडक झाले तरी त्याला पत्ता नाही. मार्लानं ओढून कप काढला, तर म्हणाला, "थंड झालीय, दुसरी सांग." बोटं बधिर झाली होती. डॉक्टरला सांगायचं नाव काढलं की अंगावर यायचा.

नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीचे दिवस सुरू होते, तेव्हा मार्ला कामावरून परत येत होती. हायवेवर गाडीतला ऑइलचा लाल दिवा लागला. पुढचं वळण डोळ्यांसमोर दिसत होतं, तिथे उतरू म्हणून तिनं गाडी तशीच पुढे काढली, आणि मधल्या लेनमध्येच इंजीन धाडकन बंद पडलं. मागे लाकडाचे ओंडके भरलेला ट्रक होता. ड्रायव्हरनं कसा थांबवला तोच जाणे. मार्ला सांगते की मागच्या काचेत ट्रकच्या तोंडावरची नुसती जाळी दिसत होती, दुसरं काही नाही. गाडी ओढून नेणाऱ्या ड्वेननं फिल्टर काढला आणि तिच्या हातात दिला. रिंगा दोन होत्या. ऑइल बापानंच बदललं होतं, तीन आठवड्यांपूर्वी.

घरी आली तेव्हा तिचे दात वाजत होते. पहिलं वाक्य काय बोलली? "बाबाला सांगायचं नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "का नाही सांगायचं? मेली असतीस तू!"

"मेले नाही ना? कळलं तर तो पुन्हा गाडीखाली जायचा नाही."

"नकोच जायला!"

"आणि मग काय करेल? खुर्चीत बसेल, खिडकीतून बघेल आणि मरेल. गिरणीतल्या त्याच्या दोस्तांचं काय झालं, पाहिलंस ना?"

"मार्ला, खोटं पचत नसतं."

"माझा बाप आहे तो. तू मध्ये पडू नकोस."

तिनं माझ्यासमोरच बापाला फोन लावला आणि ठोकून दिलं. गाडीतून आवाज येत होता, म्हणून मागच्या आठवड्यात हायवेवरच्या दुकानात दाखवली, त्यांनी फिल्टर बदलला, जुनी रिंग काढलीच नसावी. फोनमधून म्हाताऱ्याचा आवाज मला खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू आला. आधी तिला झापलं, मग दुकानाला, मग दुकानाच्या सात पिढ्यांना. मार्ला डोळे मिटून ऐकत होती. मला दोघांचाही राग आला होता. दया दाखवायची तर निदान धडधाकट खोटं तरी बोलावं. फिल्टर ड्वेनकडे पडलेला होता आणि त्याच्या बुडावर म्हाताऱ्याचं अक्षर होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आमच्या दारात. डोक्यावर शिकारीची नारिंगी टोपी. "चल. त्या चोरांकडे."

"नॉर्ब, जाऊ द्या."

"माझ्या पोरीचा जीव घेत होते ते! तू नवरा आहेस की चीजचा गोळा?"

गेलो. दुकान ग्लेन्डा नावाच्या बाईचं होतं. चष्मा कपाळावर, हात कोपरापर्यंत काळे. बाकावर चार-पाच गिऱ्हाइकं कॉफी पीत बसली होती. म्हाताऱ्यानं काउंटरवर मूठ आपटली. "जुनी रिंग तशीच ठेवलीत! आंधळी आहात का? पैसे घेता आणि माणसं मारता? चोर आहात, चोर!"

बाईनं शांतपणे गाडीचा नंबर विचारला, संगणकात पाहिलं. "काका, ही गाडी आमच्याकडे आलीच नाही."

"चोराच्या उलट्या बोंबा!"

"माझ्या पोरांना चोर म्हणू नका. या वर्षी आमच्याकडून एकही गाडी तशी गेलेली नाही. पुरावा असेल तर आणा, नाहीतर बाहेर व्हा."

"आणतो पुरावा! तुझ्या तोंडावर मारतो!" म्हातारा माझ्याकडे वळला. "ड्वेनकडे घे गाडी. फिल्टर तिथेच असेल."

बायकोनं मध्ये पडू नकोस म्हणून बजावलं होतं, म्हणून गप्प होतो. पण गाडी मी घेतली, आणि जरा वेगातच घेतली. खोटं बोलायला मला जमलं नसतं, ड्वेनच्या टेबलापर्यंत नेऊन सोडायला जमत होतं.

ड्वेननं फिल्टर प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवला होता. म्हाताऱ्यानं पिशवी फाडली, फिल्टर उलटा केला. पांढरी तारीख. सातच्या पोटात आडवी रेघ.

मला वाटलं, आता काहीतरी फेकून मारेल. त्यानं दोन्ही रिंगा एकमेकींपासून सोडवल्या. एक तळहातावर घेतली, तिच्यावर अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. मग ती उचलून गालाला लावली आणि गालावरून हळूहळू फिरवली, कारण अंगठ्याला ती लागतच नव्हती. ड्वेन तोंड फिरवून बाहेर गेला, शहाणा माणूस.

"तुला ठाऊक होतं," म्हातारा मला म्हणाला.

"होतं."

"घरी चल."

घरी जे झालं त्याला भांडण म्हणणं कमी आहे. "मला दुबळा ठरवलंस!" तो गरजला. "लोकांसमोर एका बाईला चोर म्हणायला लावलंस! माझ्याच पोरीनं!"

मार्ला आधी रडली, मग तिच्यातला वोयचिक जागा झाला. "लावलं कुणी? तुझ्या जिभेनं! खरं सांगायची सोय ठेवलीस कधी या घरात? बोटांना कळत नाही हे कितीदा सांगितलं तुला? आणि माझ्यामागे ट्रक होता, बाबा! त्याचं काय?"

म्हाताऱ्याचं तोंड उघडलं. मला वाटलं, आता म्हणेल. एकच शब्द तर म्हणायचा होता. त्यानं टोपी उचलली, दार असं आपटलं की भिंतीवरचं घड्याळ थांबलं, आणि चालत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी तो एकटाच ग्लेन्डाच्या दुकानात गेला. हे मला तिथे बसलेल्या आमच्या कारखान्यातल्या एकानं सांगितलं. पुन्हा काउंटरवर मूठ, पुन्हा तोच आवाज. "काल मी तुम्हाला चोर म्हणालो! रिंग मी ठेवली होती! मी! नॉर्बर्ट वोयचिक!" आणि सगळे बघत असताना बाहेर. जेवढ्या आवाजात शिवी, तेवढ्याच आवाजात माफी. गावात कौतुक झालं त्याचं. "माणूस तापट, पण सच्चा."

मला ते कौतुक ऐकवेना. परक्या बाईची माफी मागायला पाय चालले, आणि जिचा जीव जाता जाता राहिला तिला अवाक्षर नाही? थँक्सगिव्हिंगला आला, टर्की खाल्ली, मीठ कमी आहे म्हणाला, गेला. नाताळला तेच. मार्ला त्याचं ताट वाढायची, तो खाली मान घालून खायचा. मी एकदा बोलायला गेलो तर मार्लानं टेबलाखालून माझा पाय दाबला. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण ह्याचा सुंभही जळायला तयार नव्हता. हिवाळाभर लोखंडी उतार गॅरेजच्या भिंतीला टेकून उभे होते. आम्ही मार्लासाठी एक जुनी गाडी घेतली, आणि तिचं ऑइल कोण बदलणार हा विषय कुणीच काढला नाही.

एप्रिलात बर्फ वितळला. एका शुक्रवारी संध्याकाळी फोन. मी उचलला. "उद्या आठला," म्हातारा म्हणाला. "आणि तिला म्हणावं जुने कपडे घाल."

मी फोन ठेवला तो तणतणतच. पुन्हा हा गाडीखाली जाणार, पुन्हा माझी बायको त्या गाडीतून हायवेवर जाणार. सकाळी त्याच्या दारात पोचलो तेच मी भांडायच्या तयारीत. उतार मांडलेले होते, पुठ्ठा अंथरलेला होता. म्हाताऱ्यानं पाना मार्लाच्या हातात दिला.

"तू जा खाली," तो म्हणाला.

"मी?"

"मग काय हा चीजवाला जाणार?"

मार्ला पुठ्ठ्यावर आडवी झाली आणि आत सरकली. म्हातारा कण्हत कण्हत गुडघ्यांवर बसला आणि बॅटरी घेऊन हात गाडीखाली घातला. त्याला बॅटरी धरताना मी पहिल्यांदाच बघत होतो. ऑइल सांडलं, तिच्या बाहीवर गेलं, ती शिव्या देत होती. कुठे शिकली ते सांगायला नको. फिल्टर निघाला.

"बोट फिरव," म्हातारा म्हणाला.

"फिरवते. दिसत नाहीये. बाबा, उजेड कुठे धरलायस? तोंडावर काय मारतोस? हातावर धर! हातावर!"

या माणसावर गॅरेजसमोर आजवर कुणी ओरडलं नव्हतं.

उजेड सरकला. त्यानं बॅटरी दोन्ही हातांनी आवळून धरली.

"चुकलं," तो म्हणाला. मग त्यानं मान वाकवली, गाडीच्या पत्र्याला कपाळ टेकवलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात बोलला. "तो ट्रक... तेव्हाही माझंच चुकलं, मार्ला."

गाडीखालून नाक ओढल्याचा आवाज आला.

"रिंग इथेच चिकटलीय," ती म्हणाली. "काढते. उजेड हलवू नकोस."

त्यानं हलवला नाही.