कालचं हृदय, आजचा अहवाल

दोन वॉर्ड, एक अतिदक्षता विभाग आणि हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको, करणारी बाई एकच. तिला सगळे इकोताई म्हणत. यंत्रं कागदोपत्री तीन. एक बंद, दुसरं कापडाखाली झाकलेलं, आणि तिसरं ताई अठरा वर्षं स्वतः ढकलत होती. "चाकं दवाखान्याची, गुडघे माझे," ती म्हणायची. "कुरकुर दोघंही करतात, तेल मात्र चाकांनाच मिळतं."

त्या दुपारी बावीस रुग्ण झाले होते. तेविसावा सात नंबरच्या खाटेवरचा रंगारी. शिडीवरून उतरताना पायात खिळा घुसला, जखम चिघळली, संसर्ग रक्तातून अंगभर पसरला. डॉक्टरी भाषेत सेप्सिस. काल ताईने त्याचं हृदय नीट मोजलं होतं. डावा कप्पा दर ठोक्याला पंचावन्न टक्के रक्त बाहेर फेकत होता. झकास. आज पुन्हा चिठ्ठी आली.

तिथली एक रीत होती. चोवीस तासांत दुसऱ्यांदा इको सांगितला, की एक नजर टाकायची आणि लिहायचं, 'पूर्वीप्रमाणे'. एकटीवर तिघींचं काम लादलं की अशा रीती आपोआप पडतात. ताईने छातीवर यंत्राचा प्रोब टेकवला, धडधडतंय एवढं पाहिलं, जेल पुसलं आणि लिहून टाकलं, 'पूर्वीप्रमाणे'.

दाराशी रंगाऱ्याची बायको उभी होती. "आज लवकर आटोपलं, ताई. काल किती वेळ लावलात. म्हणजे सुधारतंय ना?"

"डॉक्टर सांगतील," म्हणून ताई सटकली.

खाली चपला बदलायला बसली, तर एक पाय घालून झाला आणि दुसरा तसाच राहिला. बाईचा प्रश्न डोक्यातून हलेना. सेप्सिसमध्ये रक्तवाहिन्या सैल पडतात. हृदयाला ढकलायला ओझंच उरत नाही, तेव्हा दुबळं हृदयसुद्धा पैलवान दिसतं. औषधाने वाहिन्या आवळल्या, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खरं रूप कळतं. नव्या मुलींना हे कोण शिकवायचं? तीच. आणि आज तो दुसरा दिवस होता.

जिना पुन्हा चढताना गुडघ्यांनी शिव्या घातल्या. सिस्टरने विचारलं, "काय विसरलीस, डबा?"

"डोकं."

रंगारी आता धापा टाकत होता. ताईने त्याला डाव्या कुशीवर घेतलं आणि कप्पा किती टक्के रक्त फेकतोय ते मोजलं. बत्तीस. पुन्हा मोजलं. एकतीस. तिसऱ्यांदा बत्तीस. कप्पा फुगलेला, भिंती कशाबशा हलणाऱ्या.

तिने डॉक्टरांना गाठून आकडा सांगितला. डॉक्टर तरुण, डोळे तारवटलेले. "मघाशी तुम्हीच पूर्वीप्रमाणे लिहिलंत. त्या भरवशावर मी आणखी एक लिटर सलाईन सांगितलंय."

"मघाशी मोजलंच नव्हतं."

डॉक्टरांनी पेन काढलं. विचारलं, "बिघाडाची श्रेणी?"

"मध्यम. गंभीरच्या दारात उभं आहे."

त्यांनी तिथूनच सिस्टरला दुबळ्या हृदयाला न पेलणारं सलाईन थांबवायला आणि हृदयाला जोर देणारं औषध लावायला सांगितलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "झालेली चूक लेखी द्यावी लागेल, ताई. तुमच्या नावावर जाईल."

"मोजायचं माझ्याकडे होतं, मग जाणार कुणाच्या नावावर? फक्त खाली हेही लिहीन, की यंत्र एक आणि माणूसही एकच."

जुना अहवाल तिने फाडला नाही. 'पूर्वीप्रमाणे'वर एक रेघ मारली, शेजारी वेळ टाकली, सही केली.

रंगाऱ्याची बायको अजून दाराशीच होती. तिने विचारायच्या आधी ताईच बोलली. "मघाशी मी नीट पाहिलं नव्हतं, बाई. चूक माझी. आता पाहिलंय. त्यांचं हृदय थकलंय. असं थकलेलं हृदय पुष्कळदा आठवड्याभरात सावरतं. पण खात्री मी देणार नाही. उद्या परत मोजीन."

बायकोने दारातून रंगाऱ्याकडे एकदा पाहिलं.

"उद्यापण एवढाच वेळ लावाल ना?"

"लावीन," ताई म्हणाली, आणि भिंतीला टेकून तिथल्याच स्टुलावर बसली.