पाठ मिटायची राहिली

माझ्या कमरेच्या खाली, परकराची नाडी बसते त्याच्या जरा खाली, एक व्रण आहे. जन्मले तेव्हा तिथं लिंबाएवढी गाठ होती. वरची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ आणि आत पाणी. औरंगाबादच्या एका मोठ्या दवाखान्यात ती काढली तेव्हा मी काही दिवसांचीच होते. डॉक्टर बरंच काही बोलले असतील. मायला त्यातलं एवढंच कळलं की पोरगी वाचली, चालेल बहुतेक, पण तिला 'खालचं कळणार नाही'.

मी चालले. उशिरा, पण चालले. डावं पाऊल थोडं ओढत. त्या पावलाच्या तळव्याला काही लागलं तरी समजत नाही. लहानपणी एकदा उन्हाळ्यात चप्पल तुटली म्हणून डांबरी रस्त्यानं अनवाणी घरी आले. मायनं पाय धुवायला घेतला, तेव्हा तळव्याचा फोड तिला दिसला. मला त्याचा पत्ताच नव्हता.

पण 'खालचं' म्हणजे पाय नव्हे. 'खालचं' म्हणजे लघवी. ती लागलेली मला कळायची नाही आणि थांबायची नाही. हा शब्द आमच्या घरात कुणी मोठ्यानं उच्चारत नसे. माय जुन्या सुती लुगड्याच्या घड्या करून द्यायची. शाळेत मधल्या सुट्टीत मुली खेळायला जात आणि मी शाळेच्या मागच्या भिंतीशी जाऊन घडी बदलत असे. आमच्या बाईंनी एक दिवस मला दाराजवळच्या बाकावर बसवलं. "इथं हवा चांगली येते," म्हणाल्या. बिचाऱ्यांनी चांगल्या मनानं केलं. पण सगळ्या वर्गानं मान वळवून पाहिलं आणि हवा कुणाला पाहिजे होती ते सगळ्यांना समजलं. त्या दिवसापासून मी बोलताना समोरच्यापासून एक पाऊल मागं सरकून उभी राहते. आता शिक्षिका झाले तरी ती सवय गेलेली नाही.

आमचं गाव जालना जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या बाजूला. गावानं माझ्या पाठीचं कारण लगेच शोधलं होतं, ग्रहणात मायनं वांगी चिरली असणार. माझे अण्णा या बोलण्यावर चिडायचे. "आपण ते सगळं सोडून किती वर्षं झाली. ग्रहण-बिग्रहण आपल्यात काही न्हाई," असं ते चारचौघांत सांगायचे. पण ग्रहण नाही म्हटल्यावर दुसरं काहीतरी कारण लागणारच होतं. ते आत्यानं पुरवलं. पोट पुढं आलेलं असताना मायनं कापसाचं गठुडं डोक्यावर घेतलं होतं. हे खरंच होतं. अण्णांना ते शास्त्राला धरून वाटलं. मायनंही मान्य केलं. कुणी विचारलं की ती खाली बघून म्हणायची, "हो, उचलल्तं मी." जणू पोलिसासमोर कबुली देतेय.

मी थोडी मोठी झाल्यावर दवाखान्यातल्या नर्सबाईंनी नळी लावून लघवी काढायला शिकवलं. आधी मायला, मग मला. त्यामुळं कपडे कोरडे राहू लागले, तापाच्या पाळ्या कमी झाल्या. पण घर दोन खोल्यांचं. मी नळी उकळायला ठेवली की अण्णा खोकायचे, टोपी घ्यायचे आणि पारावर जाऊन बसायचे. ते बाहेर जायचे ते माझी लाज राखायला, आणि त्यांच्या त्या खोकण्यानंच माझ्या कानशिलांची आग व्हायची.

बारावीनंतर मी जालन्याला बी.एस्सी.ला गेले. प्राणिशास्त्र घेतलं. तिथं एके दुपारी आमच्या मॅडम कोंबडीच्या अंड्यातला गर्भ शिकवत होत्या. फळ्यावर त्यांनी आधी एक सपाट पट्टी काढली. मग तिच्या दोन्ही कडा वर उचललेल्या दाखवल्या. मग त्या कडा एकमेकींना भेटून झालेली नळी.

"मेंदू आणि मज्जारज्जू, दोन्ही या एकाच नळीपासून होतात," त्या म्हणाल्या. "पुढचं टोक फुगतं, त्याला तीन फुगवटे येतात, तो मेंदू. बाकीची लांब राहते, तो मज्जारज्जू. मिटायला सुरुवात मानेच्या बाजूला होते. मग वर डोक्याकडं आणि खाली शेपटीकडं मिटत जाते. माणसातही असंच. डोक्याकडचं टोक मिटलं नाही तर मूल जगत नाही. शेपटीकडचं मिटलं नाही तर पाठीवर गाठ घेऊन जन्मतं."

वर्ग लिहून घेत होता. मला वाटलं, साठ डोळे आता माझ्या पाठीवर येतील. कुणीच पाहिलं नाही. कुणाला माहीतच नव्हतं. तरी मी ओढणी पाठीवरून खाली ओढून घेतली.

मग त्यांनी मज्जारज्जूचा तक्ता लावला. दोरखंडासारखा तो पाठीच्या कण्यातून उतरतो, पण कमरेच्या वरच संपतो. तिथून खाली नुसत्या नसांचा झुपका, घोड्याच्या शेपटीसारखा. त्याला नावही अश्वपुच्छ असंच आहे. नाव ऐकून मागची पोरं हसली. मॅडमनी पट्टी रज्जूच्या अगदी टोकावर ठेवली. "हसू नका. मूत्राशयाचा ताबा इथल्या नसांकडं असतो. इथं बिघाड झाला की माणूस ते थांबवू शकत नाही." पोरं आणखी हसली. मी वहीत डोकं खुपसून तक्त्यातल्या नसा काढत राहिले. कागद ओला झाला, तेव्हा माझ्या लक्षात आलं की आपण रडतोय.

प्रॅक्टिकलला सूक्ष्मदर्शकाखाली तो गर्भ पाहिला. पुढच्या बाजूला मेंदूचे फुगवटे मण्यांसारखे ओळीनं बसलेले. खाली नळी सरळ गेलेली आणि शेवटाला अजून उघडी. दोन्ही कडा एकमेकींकडं आलेल्या, पण भेटलेल्या नाहीत. त्या पिल्लाचं काही बिघडलेलं नव्हतं, ते फक्त त्या वेळेपर्यंतच पोचलं होतं. मी डोळा काढेना तेव्हा शेजारची मैत्रीण म्हणाली, "अगं सरक ना, आम्हालाबी पाहू दे."

सगळे गेल्यावर मी मॅडमना विचारलं, "माणसात हे कितव्या महिन्यात होतं?"

"महिने कसले? चौथ्या आठवड्यात सगळं मिटून होतं. पुष्कळ बायांना दिवस गेल्याचं कळायच्या आत."

"म्हणजे नंतर जड उचललं म्हणून असं होत नाही?"

त्यांनी माझ्याकडं जरा निरखून पाहिलं. "नाही. त्याचा काही संबंध नाही."

शनिवारी मी घरी गेले. माय शेडनेटवरून येऊन भाकरीचं पीठ मळत होती. आमच्याकडं शेडनेटच्या जाळीखाली मिरची-टमाट्याच्या बियाण्याचे प्लॉट असतात. एका फुलाचे पुंकेसर काढायचे आणि दुसऱ्याचे पराग त्यावर लावायचे, हे क्रॉसिंगचं काम बायाच करतात. दिवसभर वाकून तिची मान आखडलेली असायची.

"माय, तू ते गठुडं कितव्या महिन्यात उचललं होतं?"

तिचे हात थांबले. "सातव्या. का गं?"

"माझ्या पाठीचं पहिल्याच महिन्यात होऊन गेलं होतं. तुला दिवस गेलेत हे तुलाबी माहीत नव्हतं तवा."

तिला खरं वाटेना. मी परातीतला पिठाचा एक तुकडा घेऊन चपटा केला, त्याच्या कडा उचलून जुळवल्या, एक टोक उघडं ठेवलं. "इथं मिटायचं राहिलं. इतकंच. गठुड्याचा काही संबंध न्हाई."

"बराबर सांगून राह्यली का तू? का माझं मन राखून राह्यली?"

"पुस्तकात हाय, माय."

मला वाटलं होतं तिला हलकं वाटेल. पण ती म्हणाली, "मंग इतकी वर्षं मी खाली मान घालून कशापायी राह्यले?"

अण्णा दारात उभे होते. त्यांनी ऐकलं होतं. ते खोकले नाहीत, टोपी घेतली नाही, तिथंच उंबऱ्यावर बसले आणि पायाचं नख खुडत राहिले. त्यांचा चेहरा मी तेवढा उतरलेला पुन्हा कधी पाहिला नाही.

"याच्यावर काही इलाज नव्हता का?" मायनं विचारलं.

"एक गोळी असते. फॉलिक ॲसिडची. पण दिवस जायच्या आधीपासून घ्यावी लागते. त्यानं धोका बराच कमी होतो, पण सगळाच जात न्हाई."

"आधीपासून," ती म्हणाली. "आम्हाला तर पोट दिसाय लागल्यावर दिल्या गोळ्या." आणि तिनं तो पिठाचा तुकडा पुन्हा परातीतल्या कणकेत मळून टाकला.

पुढं मी बी.एड. केलं, भोकरदनजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागले. भावाचं लग्न झालं. लग्नाच्या दुसऱ्याच आठवड्यात मायनं गावात आरोग्याचं बघणाऱ्या आशाताईंकडून गोळ्या आणून वहिनीच्या हातावर ठेवल्या. वहिनी लाजेनं लाल झाली. अजून काही नसताना गोळी घ्यायची म्हणजे घरात सगळ्यांना काय ते जाहीर सांगण्यासारखंच. मायनं ऐकलं नाही. रोज सकाळी चहाबरोबर ती समोर उभी राहून गोळी गिळायला लावायची.

इथवर ठीक होतं. पण एका सुट्टीच्या दिवशी मी तिचा डबा घेऊन शेडनेटवर गेले. बाया जेवायला बसल्या होत्या आणि माय तरण्या सुनांना गोळीचं सांगत होती. "माझ्या पोरीची पाठ मिटायची राह्यली पोटातच. तिला लघवीचं कळत न्हाई अजून. नळी लावती ती."

सगळ्या बायांनी माझ्याकडं पाहिलं. एकीचा घास हातातच राहिला. मी डबा ठेवला आणि तशीच परत फिरले. इतक्या वर्षांच्या घड्या, धुणं, अत्तर, एक पाऊल मागं सरकणं, सगळं तिनं एका वाक्यात उघड्यावर मांडलं होतं. संध्याकाळी ती आली तेव्हा मी तिच्याशी बोलत नव्हते.

"माझं कशाला सांगितलं चारचौघींत?" मी शेवटी म्हणाले.

"तुझं कुठं? मी माझं सांगितलं," ती म्हणाली. "ते माझ्या पोटात झालं. माझंबी हाय ते."

त्यानंतर महिनाभरानं त्यातलीच एक सून घरी आली. तिच्या बहिणीला केदारखेड्याला मुलगी झाली होती, पाठीवर गाठ घेऊन. डॉक्टरांनी जल्दी मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं होतं, पण घरच्यांनी बाळाला घरी आणून ठेवलं होतं. "ताई, तुम्ही एकदा चला," ती मला म्हणाली. "तुम्हाला पाहिलं तर ऐकतील ते."

मला जायचं नव्हतं. दाखवायला नेलेली वस्तू व्हायचं नव्हतं. माय चप्पल घालून दारात उभी राहिली. मग गेले.

ओसरीवर पुरुष बसले होते, आत बाया. बाळाच्या गाठीवर हळदीचा लेप होता. "आधी हळद पुसा. ओलं स्वच्छ फडकं ठेवा," मी म्हणाले. "आतला मज्जारज्जू जवळजवळ उघडा हाय. तिथून जंतू गेले तर थेट मेंदूपर्यंत जातील."

त्या घरच्या सासूबाईंनी मला आधी चालून दाखवायला सांगितलं. मी चालले. अंगणापासून चुलीपर्यंत आणि परत.

"लग्न झालं का?"

"न्हाई."

"नोकरी?"

"मास्तरीण हाय मी."

त्यांनी मान हलवली. मग भिंतीला टेकून बसलेल्या त्या बाळंतिणीनं पहिल्यांदाच तोंड उघडलं. फार बारीक आवाजात तिनं विचारलं, "ताई, बाकीचं कसं?"

ओसरीवरचं बोलणं थांबलेलं होतं. पुरुष ऐकत होते. मी परक्या माणसांपुढं तो शब्द कधी काढला नव्हता. "लघवी मला कळत न्हाई," मी म्हणाले. "नळी लावून काढते. दिवसातून बऱ्याचदा. पहिले फार त्रास झाला. आता जमतं." माझा चेहरा इतका तापला होता की मला जमिनीशिवाय काही दिसत नव्हतं. मागं मायचा हात माझ्या पाठीला लागला होता. मला तो झटकावासा वाटत होता आणि झटकवत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बाळाला नेलं. ऑपरेशन झालं. मुलगी जगली. दोन्ही पाय हलवते, एक जरा कमी. पुढचं चालायला लागेल तेव्हा कळेल.

तिची आई आता मला फोन करते. बहुतेक शाळेच्या वेळातच, कारण तेव्हा तिच्या घरी कुणी नसतं. अशा बाळांच्या डोक्यात पाणी साठायची भीती असते, म्हणून डोक्याचा घेर मोजून किती वाढला ते सांगते. नळी कधीपासून शिकवतात, पुरळ आलं तर काय लावायचं, असलं विचारते. मी वर्गातून व्हरांड्यात येते, खांबाच्या आड होते आणि आवाज खाली आणून उत्तरं देते. परवा एका सहशिक्षिकेनं विचारलं, "रोज कुणाचा फोन असतो गं?"

"नात्यातली आहे एक," मी म्हणाले आणि वर्गात गेले.